गाडी बसली, आता कंप्रेसर बदलू का?

एअर सस्पेन्शनवाली गाडी घेतलेल्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. सुरू केली की मिनिटभर घरघर करते, उठते आणि मग दिवसभर काही झालंच नाही अशी चालते. गॅरेजवाला म्हणतो, "कंप्रेसर गेला." बदलायचा का?

एवढ्यावरून तरी नाही. मी बदलला होता. आठ वर्षं जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली गाडी, पुण्यातलं एक नावाजलेलं गॅरेज, पाच आकडी बिल. अकरा आठवड्यांनी नवा कंप्रेसरही जळला. मग दुसऱ्या एका मेकॅनिकने डावं पुढचं चाक काढलं, सस्पेन्शनच्या रबरी फुग्याच्या घडीवर साबणाचं पाणी मारलं आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. केसाएवढी चीर होती. तिच्यातून मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत येत होते. त्या चिरेतून रोज जाणारी हवा भरून काढता काढता दोन कंप्रेसर गेले होते.

पंक्चरवाला आधी ट्यूब पाण्यात बुडवतो. महागड्या गाडीच्या बाबतीत हीच साधी रीत का सुटते, मला कळत नाही. कंप्रेसरचा निकाल लावायच्या आधी गळती शोधा. या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. बाकी सगळं ती कशी शोधायची आणि शोधताना कुठे फसायला होतं याबद्दल.

गाडी उठते कशी

मर्सिडीजची एस-क्लास किंवा जीएलएस, ऑडीची क्यू७, रेंज रोव्हर अशा गाड्यांमध्ये लोखंडी कॉइलऐवजी हवा भरलेले जाड रबरी फुगे असतात. गॅरेजमध्ये त्यांना बलून किंवा बेलो म्हणतात. काही गाड्यांना ते फक्त मागच्या दोन चाकांवर असतात, म्हणून आपल्या गाडीला नेमके कुठे आहेत हे मॅन्युअलमध्ये आधी पाहून घ्या. प्रत्येक फुगा असलेल्या कोपऱ्याची, निदान प्रत्येक एक्सलची, उंची मोजायला सेन्सर असतो. ती कमी भरली की कंट्रोल युनिट कंप्रेसर चालवतं, हवा आधी ड्रायरमधून आणि मग व्हॉल्व्ह ब्लॉकमधून त्या फुग्यात जाते. उंची जास्त झाली की हवा त्याच वाटेने परत येऊन बाहेर पडते. काही गाड्यांत हवेची साठवण टाकीही असते.

म्हणजे बिघडू शकणाऱ्या जागा मोजक्या आहेत: फुगा, नळी आणि तिचे जोड, व्हॉल्व्ह ब्लॉक, सेन्सर, कंप्रेसर व त्याचा रिले. कंप्रेसर सगळ्यात जास्त आवाज करतो म्हणून संशय पहिला त्याच्यावर जातो.

पहिली पायरी: टेप घ्या

घरात असलेली साधी मोजपट्टी चालेल. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमध्ये हवा कमी असेल तर आकडा फसवतो. माझ्या वहीतली एका रात्रीची नोंद अशी आहे, सेंटिमीटरमध्ये:

- रात्री १०: पुढे डावं ४७.५, पुढे उजवं ४७.५, मागे डावं ४८.५, मागे उजवं ४८.५
- सकाळी ७: पुढे डावं ४१, पुढे उजवं ४७, मागे डावं ४८.५, मागे उजवं ४८

अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सोडून द्या. हवा थंड झाली की आकसते. डिसेंबरातल्या पहाटे गाडी किंचित खाली दिसणं स्वाभाविक आहे. आठ-दहा दिवस न हलवलेली गाडी थोडी उतरली तरी घाबरू नका. एका रात्रीत साडेसहा सेंटिमीटर मात्र गळतीच.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. गाडी सपाट जागी हवी. सोसायटीच्या उतारावर मोजलेले आकडे टाकाऊ. सकाळी मोजायच्या आधी गाडी अनलॉक करू नका, दार उघडू नका. कित्येक गाड्यांमध्ये दार उघडताच यंत्रणा जागी होते आणि तुम्ही टेप काढेपर्यंत कोपरा उचलून ठेवते. आणि तिसरी गोष्ट खूप जणांना चकवते: काही गाड्या, विशेषतः लँड रोव्हरच्या, उभ्या असतानाही ठरावीक तासांनी जाग्या होतात आणि सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याशी बाकीचे तीन जुळवून घेतात. मग चारही कोपरे सारखेच उतरलेले दिसतात आणि गळका कोपरा त्यांच्यात लपतो. अशा गाडीत रात्री उभी केल्यावर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा आणि सकाळी मोजा. कोणता फ्यूज, ते मॅन्युअलमध्ये असतं. अंदाजाने काढू नका.

तीन रात्री मोजा. वेगवेगळ्या उंचीवरही मोजा, कारण चीर घडीच्या एका ठरावीक जागी असेल तर ती एका उंचीला उघडते आणि दुसऱ्या उंचीला मिटते. 'कधी बसते, कधी नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

आकड्यांवरून काय ओळखायचं

- एकच कोपरा बसतो: त्या कोपऱ्याचा फुगा, त्याचा वरचा जोड किंवा तिथली नळी. सुरुवात इथूनच करा.
- एकाच बाजूचे किंवा एकाच एक्सलचे दोन कोपरे बरोबरीने बसतात: व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय. व्हॉल्व्ह नीट मिटत नसले की हवा एका फुग्यातून दुसऱ्यात किंवा थेट बाहेर जाते.
- रात्री काहीच उतरत नाही, पण सकाळी सुरू केल्यावर किंवा सामान भरल्यावर गाडी उठत नाही: आता कंप्रेसर, रिले, फ्यूज यांच्याकडे बघा.
- एखादा कोपरा इतरांपेक्षा वर राहतो: गळतीमुळे कोपरा वर जात नाही. सेन्सर किंवा त्याची दांडी तपासा.

सेन्सरची दांडी हा आपल्याकडचा खास रोग. चाकाजवळच्या आर्मला जोडलेली ही बोटाएवढी कांडी असते, दोन्ही टोकांना छोटे गोळीचे सांधे. दोन पावसाळ्यांचा चिखल, वर खड्डे. सांधा गंजून अडकतो किंवा निखळून लोंबकळतो. मग कंट्रोल युनिटला वाटतं गाडी खालीच आहे आणि ते हवा भरत सुटतं, किंवा याच्या उलट. टॉर्च घेऊन सगळ्या कांड्या बघून घ्या. कांडीच तुटली असेल तर बऱ्याच गाड्यांत पूर्ण सेन्सर बदलावा लागत नाही, नुसती कांडी मिळते.

स्कॅनर लावताना

बाजारात मिळणारं स्वस्त ओबीडी उपकरण मोबाइलला जोडलं तर ते बहुधा इंजिनचेच कोड दाखवतं. सस्पेन्शनचे कोड चॅसिसच्या गटात, म्हणजे 'सी' अक्षराने सुरू होणारे असतात किंवा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेले असतात. ते वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच जा आणि कोड पुसायच्या आधी त्यांचा फोटो घ्या.

कोड म्हणजे निदान नव्हे, हे गॅरेजवाल्यालाही कधीकधी सांगावं लागतं. 'कंप्रेसर जास्त तापला' असा कोड आला की लगेच कंप्रेसरचं कोटेशन येतं. पण तो का तापला? हवा गळत असल्यामुळे त्याला दिवसभर पळावं लागलं म्हणून, असं उत्तर फार वेळा निघतं. बॅटरी अशक्त असेल तरी सस्पेन्शनचे खोटे इशारे लागतात. कंप्रेसर भरपूर करंट ओढतो. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर आधी तिची लोड टेस्ट करून घ्या. तेवढं स्वस्त काम दुसरं नाही.

स्कॅनरचा खरा उपयोग पुढे आहे. त्याला 'लाइव्ह डेटा' दाखवायला सांगा आणि प्रत्येक कोपऱ्याची उंची गाडी किती सांगते ते बघा. हातात टेप ठेवा. गाडी वाकडी दिसतेय आणि स्कॅनर म्हणतोय सगळं समपातळीत, तर गडबड सेन्सरची किंवा कॅलिब्रेशनची. गाडी बसलेली आहे आणि स्कॅनरही बसलेलीच सांगतोय, तर सेन्सर खरं बोलतोय, हवेचा माग घ्या. ही पाच मिनिटांची तुलना केल्याशिवाय एकही पार्ट मागवू देऊ नका.

साबणाचं पाणी

भांड्यांचा लिक्विड साबण, पाणी, फवाऱ्याची बाटली. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर घेऊन, रॅम्पवर किंवा पिटवर उभी करून मेकॅनिककडून या क्रमाने फवारून घ्या: फुग्याची खालची घडी, वरचा माउंट, नळी जिथे फुग्यात शिरते तो जोड, नळीचा पूर्ण मार्ग, शेवटी व्हॉल्व्ह ब्लॉकचे सगळे जोड. घाई करू नका. बारीक गळतीचे बुडबुडे जमायला मिनिट-दोन मिनिटं लागतात.

काही फुग्यांवर ॲल्युमिनियमचं आवरण असतं, रबर दिसतच नाही. तिथे आवरणाच्या खालच्या तोंडातून फेस येतो का ते पाहायचं. तरीही खात्री होत नसेल तर मला सगळ्यात आवडलेली चाचणी करायला सांगा: हवा पूर्ण सोडून व्हॉल्व्ह ब्लॉकवरच्या दोन नळ्यांची अदलाबदल करायची. रात्रभर ठेवल्यावर बसणारा कोपरा तोच राहिला तर दोष फुग्यात किंवा नळीत; बसणारा कोपरा बदलला तर दोष ब्लॉकमध्ये. एक पैशाचा पार्ट न घेता निकाल लागतो. अदलाबदल असताना गाडी चालवायची नाही, सुरूही करायची नाही. म्हणून नळ्या बदलल्यावर बाहेरून हवा भरून देऊ शकणारं गॅरेजच यासाठी हवं.

कंप्रेसरचा निकाल

गळती नाही किंवा ती बंद केली आहे, आणि तरी गाडी उठत नाही, तर आता त्याची पाळी. मेकॅनिकने कंप्रेसरच्या तोंडाशीच गेज लावून दाब मोजायला हवा. अनेक गाड्यांत हा दाब १५ बारच्या आसपास लागतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सहा-सात पट. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून काढायला सांगा. दाब होत नसेल तर पिस्टनची रिंग झिजली असेल, आणि ती काही कंप्रेसरमध्ये सुटी बदलता येते.

ड्रायर उघडून बघायला सांगाच. त्यात ओल शोषणारे सिलिकाचे दाणे असतात. गाडी खाली उतरताना बाहेर जाणारी हवा त्यांना पुन्हा कोरडं करते. पण गळतीमुळे कंप्रेसर सतत नवी हवा ओढत राहिला, तीही कोकणातल्या जुलैमधली, तर दाणे कायमचे ओले राहतात आणि पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचतं. दाण्यांचा भुगा झालेला दिसला तर नुसता कंप्रेसर बदलून भागणार नाही, ब्लॉकही तपासायला हवा.

रिलेबद्दल दोन शब्द. त्याचे आतले पॉइंट चिकटले की गाडी बंद करूनही कंप्रेसर चालूच राहतो आणि जळतो. असा आवाज आला तर रिले लगेच उपसा. नवा कंप्रेसर बसवताना रिले जुना ठेवणं हा कंजूसपणा नको, तो इतर पार्टांच्या मानाने फार स्वस्त असतो.

हे करू नका

- फक्त हवेवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. हवा गेली की दोन-अडीच टनांचं धूड क्षणात खाली येतं. खाली स्टँड हवेतच.
- हवा न सोडता कोणताही जोड ढिला करू नका.
- पंक्चर झालं की जॅक लावण्याआधी 'जॅक मोड' चालू करा. नाहीतर गाडी उचलली जातेय म्हणून यंत्रणा हवा सोडून देते. टू-पोस्ट लिफ्टवर घेतानाही तेच.
- पूर्ण बसलेली गाडी चालवत नेऊ नका. हवा नसलेला फुगा चाकाच्या हालचालीत चिमटतो आणि दुरुस्त होण्यासारखी चीर फाटून मोठी होते. फ्लॅटबेड मागवा आणि पट्टे बॉडीला न बांधता चाकांना बांधायला सांगा. वाटेत गाडी आणखी उतरली तर बॉडीचे पट्टे सैल पडतात.
- फुग्याला पंक्चरचं सोल्युशन लावू नका. दाब बघता ते टिकत नाही.
- पावसाळ्यापूर्वी गाडीखाली डिझेलचा किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारायची आपल्याकडे सवय आहे. या गाडीला तो नको. तेलाने रबर फुगतं आणि लवकर मरतं. फुगे साध्या पाण्याने धुवा, घडीत अडकलेली खडी तेवढी निघाली पाहिजे.

पार्ट कोणता घ्यायचा

कंपनीचं मूळ युनिट, दुसऱ्या कंपनीचं नवं, रिकंडिशन केलेलं, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केल्यावर कुठूनतरी निघणारं जुनं. असे चार पर्याय समोर येतात. माझं मत सांगतो. जुन्या गाडीतून काढलेला फुगा घेऊ नका. रबराचं वय बाहेरून कळत नाही. व्हॉल्व्ह ब्लॉक किंवा सेन्सर वापरलेला चालून जातो. रिकंडिशन युनिटमध्ये रबर नवं घातलंय की जुनंच साफ केलंय हे बिलावर लिहून घ्या. एक फुगा वयामुळे गेला असेल तर त्याच एक्सलवरचा दुसराही त्याच वयाचा आहे, जमलं तर जोडी बदला. पण दगड लागून किंवा उंदराने कुरतडून एकच गेला असेल तर जोडीचा आग्रह धरू देऊ नका.

काम झाल्यावर उंचीचं कॅलिब्रेशन आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट, याच क्रमाने. चुकीच्या उंचीवर केलेलं अलाइनमेंट टायर आतून खाऊन टाकतं.

पाचवा पर्याय म्हणजे हवा काढून टाकून लोखंडी कॉइल बसवणं. खर्च कमी आणि रोजची कटकट संपते, म्हणून पुष्कळ जण तिकडे वळतात. गाडी चालते, पण ती गाडी राहत नाही: उंची बदलता येत नाही, वजनाप्रमाणे पातळी सांभाळली जात नाही आणि डॅशबोर्डवरचा इशारा बंद करायला वेगळी उठाठेव करावी लागते. कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा रोख असा, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत चालणार नाही. "आरसीवर सस्पेन्शन लिहिलेलंच नसतं, कोण बघतंय" हे गॅरेजचं उत्तर अपघाताच्या दाव्यात उपयोगी पडेलच याची हमी तो गॅरेजवाला देणार नाही. बदलायचंच असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या.

विम्याचा विषय निघालाच आहे तर: झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत. अपघातात फुगा फाटला तर दावा होतो, पण रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापतात, झिरो डेप्रिसिएशन घेतलेलं नसेल तर.

गॅरेजमध्ये तुमचा हक्क

काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'गाडी उठत नाही' असं नको, 'रात्री १० ते सकाळी ७ मध्ये पुढचा डावा कोपरा ६.५ सेंमी उतरतो' असं. निदानाची फी वेगळी ठरवा, ती द्यायला कुरकुरू नका. फुकट निदान बहुधा पार्टच्या बिलातून वसूल होतं. लेखी एस्टिमेट घ्या. काढलेला जुना पार्ट परत मागा आणि नव्याची वॉरंटी किती महिने, लेबर धरून की सोडून, हे बिलावर असू द्या.

"बाहेर काम केलंत तर पूर्ण गाडीची वॉरंटी गेली" ही धमकी सरसकट मान्य करू नका. सुट्या पार्टांच्या विक्रीवर बंधनं घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, त्या आदेशात अशा सरसकट अटींनाही मज्जाव केला होता. पुढे त्यावर अपिलं झाली, पण बाहेरच्या दुरुस्तीमुळेच हा बिघाड झाला का, हा प्रश्न तुम्ही कंपनीला लेखी विचारूच शकता. केंद्राच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर वाहनं हाही विभाग आहे.

चुकीच्या निदानाने पैसे गेले तर आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही हललं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, आणि मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. माझ्या पहिल्या कंप्रेसरचं बिल आणि जुना पार्ट मी जपून ठेवला नव्हता, त्यामुळे मला तक्रारीत दम आणता आला नाही. टेपच्या नोंदींची वही, कोडचे फोटो, साबणाच्या बुडबुड्यांचा व्हिडिओ हाच तुमचा पुरावा असतो.

जुनी गाडी बघायला जाताना

ओळखीतल्या माणसाकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा बंद असतो. तो व्यवसायाने विक्री करणाऱ्यांसाठी आहे. म्हणून तपासणी तुम्हालाच करायची आहे. गाडी आदल्या रात्रीपासून उभी ठेवायला सांगा आणि सकाळी लवकर जा. कुलूप उघडायच्या आधी चारही कोपरे मोजा. मग सुरू करून सगळ्यात खालच्या उंचीवरून सगळ्यात वर न्या, किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा, आणि कंप्रेसर थांबतो की घरघरतच राहतो ते ऐका. एवढं करण्याआधी, गाडीजवळ गेल्या गेल्या, बॉनेटवर तळहात ठेवा. ते कोमट लागलं तर आज सकाळी कुणीतरी गाडी आधीच उठवून ठेवली आहे. नमस्कार करून दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.